'कार्टून' म्हणून दूर लोटलेली एक प्रलयकथा

लोणी काळभोर येथें एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या दिवाळींत आम्ही फराळास बसलों होतों. घरची धाकटी मुलगी राजबागेंतील विद्यापीठांत अ‍ॅनिमेशन शिकते. जमलेल्या मंडळींत एक निवृत्त प्राध्यापक होते. मराठी कादंबरीवर त्यांचा अधिकार मोठा. त्यांनीं तिला कौतुकानें विचारलें, "काय बाळ, सध्यां काय पाहणें चाललें आहे?" तिनें 'मिराई शोनेन कोनान' या जपानी मालिकेचें नांव घेतलें व कथा सांगावयास आरंभ केला. दोन वाक्यें झालीं असतील नसतील, तोंच प्राध्यापकमहाशय हंसून म्हणाले, "म्हणजे कार्टूनच ना? आम्हांला वाटलें, कांहीं गंभीर पाहत असशील." मुलगी गप्प झाली, चकलीची बशी पुढें सरकली आणि बोलणें जमिनीच्या भावांकडे वळलें.

ही हकीकत क्षुल्लक आहे हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्या एका हंसण्यांत आमच्या सुशिक्षित वर्गाची एक जुनी खोड दडलेली आहे, आणि तिचाच समाचार घेण्यासाठीं हा लेख लिहीत आहों. जें रेषांनीं काढलें तें पोरांचें आणि जें नटांनीं केलें तें थोरांचें, अशी एक वर्णव्यवस्था आम्हीं कलेच्या प्रांतांत उभारून ठेविली आहे. तिच्यापायीं दूरचित्रवाणीच्या इतिहासांतील एक उत्कृष्ट कृति आमच्या रसिकांच्या व टीकाकारांच्या दृष्टीआडच राहिली. ती पाहून कोणी वाईट ठरविली असती तर आमचें कांहीं म्हणणें नव्हतें. ती पाहिलीच नाहीं, हें आमचें म्हणणें आहे.

कृति कोणती तें आधीं नीट सांगितलें पाहिजे. ४ एप्रिल १९७८ पासून ३१ ऑक्टोबर १९७८ पर्यंत जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेनें तिचे २६ भाग दाखविले. निर्मिति निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेची, आणि दिग्दर्शन हायाओ मियाझाकी यांचें. पुढें २००३ व २०२४ सालीं ऑस्कर पारितोषिकें मिळाल्यावर ज्यांचें नांव आमच्याकडेही झालें, तेच हे मियाझाकी. कथेस आधार अलेक्झांडर की या अमेरिकन लेखकाच्या 'दि इन्क्रेडिबल टाइड' या १९७० सालच्या कादंबरीचा.

कथा अशी कीं, २००८ च्या जुलै महिन्यांत महायुद्ध होतें. अणुबाँबहूनही भयंकर अशीं चुंबकीय शस्त्रें वापरलीं जातात, पृथ्वीचा अक्ष ढळतो आणि पांचही खंड समुद्रांत जातात. एक लहानसा गट अंतराळयानांतून निसटूं पाहतो. परंतु तें यान परत पृथ्वीवरच, एका ओसाड बेटावर कोसळतें. त्या गटांतला शेवटीं एकच म्हातारा उरतो, आणि त्याच बेटावर जन्मलेला कोनान नांवाचा मुलगा. युद्धास वीस वर्षें लोटल्यावर लाना नांवाची एक मुलगी लाटांबरोबर वाहत किनाऱ्यास लागते. तेव्हां या दोघांस कळतें कीं जग अद्यापि उरलें आहे, आणि जगाबरोबर त्याचा लोभही उरला आहे.

कारण लानाच्या मागावर इंडस्ट्रिया नांवाच्या नगरराज्याचे सैनिक येतात. त्यांची नायक मॉन्स्ली ही एक तरुण स्त्री. म्हातारा तिला युद्धाच्या पापाची आठवण करून देऊं लागतो, तेव्हां ती त्यालाच उलट सुनावते: तें युद्ध झालें तेव्हां आम्ही लहान मुलें होतों, तें केलें तुम्हां मोठ्या माणसांनीं. हा सवाल मालिकेच्या अगदीं आरंभीं येतो, आणि येतो तो खलपक्षाच्या तोंडून! आमच्या किती गंभीर म्हणविणाऱ्या नाटकांत खलपात्रास इतकें खरें बोलूं दिलेलें आहे, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. पुढें लवकरच म्हातारा जखमी होऊन मरतो. मरतांना तो नातवास सांगतो कीं, येथें राहूं नकोस, माणसें शोध. एकटा उरलेला तो मुलगा दुःखानें बेभान होऊन मोठमोठे धोंडे उचलून फेकीत सुटतो. शोकाचें असें चित्रण आम्हीं तरी रंगभूमीवर क्वचितच पाहिलें आहे. तेथें बहुधा भाषण असतें.

इंडस्ट्रियाचें वर्णन विशेष लक्ष देण्याजोगें आहे. बुडालेल्या विज्ञानयुगाचा हा शेवटचा अवशेष. तेथली अणुभट्टी थकत आलेली. सौरशक्तीचें रहस्य एकट्या डॉक्टर लाओंस, म्हणजे लानाच्या आजोबांस, ठाऊक. आणि तें हातीं आलें म्हणजे उरलेल्या जगावर सत्ता आपली, असा लेप्का या अधिकाऱ्याचा डाव. नगराच्या पोटांत, जमिनीखालीं, कपाळावर खूण उमटविलेलीं माणसें राबत असतात. बाराकुडा नांवाचें जहाज जुन्या जगाचा प्लॅस्टिकचा कचरा गोळा करून आणतें, आणि तो कचरा या नगराचा कच्चा माल होतो. तें प्लॅस्टिकचें बेट पाहतांना आम्हांस जपान आठवला नाहीं, उरुळी देवाची आठवली. पुणें शहराचा कचरा जेथें वर्षानुवर्षें रचला गेला, आणि ज्याच्यापायीं तेथील व फुरसुंगीच्या गांवकऱ्यांनीं वारंवार कचऱ्याच्या गाड्या अडविल्या, तो डेपो लोणीहून फारसा लांब नाहीं. ज्या शहराची घाण दुसऱ्याच्या शिवारांत पडते, त्या शहरांतल्या वाचकांस ही कथा परकी वाटण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

इंडस्ट्रियाच्या उलट बाजूस हाय हार्बर हें शेती करणारें, मासे धरणारें गांव आहे. एखाद्या भाबड्या लेखकानें त्याचा स्वर्ग केला असता. येथें तसें झालेलें नाहीं. या गांवांतही ओर्लो नांवाच्या तरुणाची नाराज टोळी आहे, आणि शत्रु आला तेव्हां ती त्यालाच जाऊन मिळते. मॉन्स्ली पुढें पालटते तीही उपदेशानें नव्हे. एका कुत्र्याला पाहून तिला आपलें बाळपण आठवतें, आणि त्या आठवणीपासून तिच्या मनाचा बांध फुटूं लागतो. आणखी एक प्रसंग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. साखळीनें जखडलेला कोनान पाण्याखालीं अडकतो. लाना वर जाऊन छातींत हवा भरून घेते, परत बुडी मारते आणि ती हवा त्याच्या मुखांत देते. त्यांत शृंगाराचा लवलेशही नाहीं, आणि तरी त्याहून जवळीक दाखविणारें दृश्य दाखवा म्हटलें तर आम्ही तरी अडखळूं.

या कृतींत दोष नाहींत असें नाहीं. लाना फार वेळां पळविली जाते. कोनान गगनचुंबी मनोऱ्यावरून उडी घेतो आणि त्याच्या पायांस नुसत्या मुंग्या येतात, हें पाहून प्रौढ प्रेक्षकास हंसूं येईल. (मुलांसही येतें, आणि तें यावें अशीच योजना आहे.) मधले कांहीं पाठलाग आटोपशीर करतां आले असते. पण असे दोष काढण्यासाठीं सुद्धां आधीं ती पाहावी लागते.

आतां आक्षेपांकडे वळूं. रेषेच्या पात्रास अभिनय नसतो, असें एक मत नेहमीं ऐकूं येतें. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर मंडळींची चित्रकथी अद्यापि जिवंत आहे. एकेक रंगविलेलें पान समोर धरून, वाद्यांच्या साथीवर, रामायण-महाभारतांतील आख्यानें हे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. त्या पानांवरची सीता पापणीही हलवीत नाहीं, तरी ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. स्थिर चित्रानें जें साधतें तें हलत्या चित्रानें साधणार नाहीं, असें म्हणणारांनीं कारण द्यावें.

परकेपणाचा आक्षेप तर त्याहून पोकळ आहे. 'केरळकोकिळ' मासिकानें व्हर्नची चंद्रलोकाची सफर मराठींत छापली, भा. रा. भागवतांनीं तोच व्हर्न आमच्या मुलांच्या हातीं दिला, तेव्हां तो फ्रेंच म्हणून कोणी नाक मुरडलें नाहीं. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस 'नारायण विनायक जगताप' या टोपणनांवानें 'कृष्णविवर' ही कथा धाडून जयंत नारळीकरांनीं बक्षीस मिळविलें. २०२१ सालीं नाशिकच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस देण्यांत आलें. म्हणजे विज्ञानकथेस आम्हीं, रडतखडत का होईना, ओसरीवर घेतलें. तिच्या रेखाटलेल्या बहिणीस मात्र अजून अंगणांतच उभें केलें आहे. आणि ही बहीण तरी परकी कोठची? दादासाहेब फाळक्यांनीं १९१५ सालींच 'आगकाड्यांची मौज' या चित्रांत काड्यापेटींतल्या काड्या चालविल्या. १९७४ सालीं विजया मुळे यांनीं फिल्म्स डिव्हिजनसाठीं 'एक अनेक और एकता' केलें; तें दूरदर्शनवर पाहत आमची एक सबंध पिढी वाढली. त्यांतले पक्षी आणि जाळें सर्वांस आठवतात. विजयाबाईंचें नांव विचारा, बहुतेक निरुत्तर होतील. कादंबरीच्या वाचकानें लेखकाचें नांव असें विसरलेलें आम्ही चालवून घेऊं काय?

जगबुडीच्या गोष्टी मुलांच्या मनांत भय पेरतात, हा आक्षेप मात्र वजनाचा आहे. तो करणाऱ्या आईबापांविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु मनु आणि मासा यांची शतपथब्राह्मणांतील कथा जगबुडीचीच आहे, आणि आजीच्या मांडीवर ती ऐकून कोणी निराश झाल्याचें ऐकिवांत नाहीं. प्रश्न प्रलय दाखवावा कीं नाहीं हा नसून प्रलयानंतर काय दाखविलें हा आहे. मूळ कादंबरीचा काळवंडलेला सूर मियाझाकींस रुचला नाहीं, आणि त्यांनीं तो बदलला. त्यांच्या मालिकेच्या शेवटीं कोनान आपल्या बेटाकडे परततो, तों समुद्राचा तळ वर येऊन तें बेट एका नव्या भूखंडाचा भाग झालेलें असतें.

इतकें असून ही मालिका आमच्यापर्यंत पोहोंचली कां नाहीं? अरबी संवादांसह ती 'अदनान व लीना' या नांवानें आखाती देशांत घरोघर गेली. तेथें वाढलेल्या मराठी मुलांपैकी कांहींनीं ती पाहिली असल्यास नवल नाहीं. इटलींतही ती लोकप्रिय झाली. अमेरिकेंत मात्र ती इंग्रजी संवादांसह अधिकृतपणें निघाली २०२१ सालीं. आमचा सुशिक्षित वर्ग जग पाहतो तें इंग्रजीच्या खिडकींतून. त्या खिडकींतून जें दिसलें नाहीं तें नाहींच, असें तो धरून चालतो. स्वभाषेचा अभिमान मिरविणाऱ्या मंडळींनीं याचा थोडा विचार करावा.

लोणी काळभोर या विषयांत आणण्याचें कारण केवळ फराळाचें निमंत्रण नव्हे. राजबाग ही एके काळीं राज कपूर यांची शेतवाडी. त्यांच्या 'सत्यम् शिवम् सुंदरम्' चें चित्रीकरण या परिसरांत झालें. त्या चित्रपटाचा शेवट महापुरानें होतो, आणि तोही १९७८ सालचाच. एकाच वर्षीं एक जलप्रलय मुळामुठेच्या कांठीं नटनट्यांनीं उभा केला आणि दुसरा जपानांत रेषांनीं. पहिल्याची चर्चा अजून संपलेली नाहीं, जरी ती बव्हंशीं नायिकेच्या वेषाविषयींच असली. दुसऱ्याचें नांवही आम्हांस ठाऊक नाहीं.

आणि खरा प्रलय तर याच पाण्यानें आणला होता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचें गेलें, आणि मुठेनें पुण्याच्या नदीकांठच्या पेठा धुऊन नेल्या. घरांतून आधीं काय उचलावें, कोणास हांक मारावी, पाणी ओसरल्यावर चिखलांत काय शोधावें, हें या शहरांतल्या हजारों माणसांनीं एका सकाळीं शिकून घेतलें. त्या अनुभवाची रेखाटलेली मालिका व्हावी असें साठ वर्षांत कोणाच्या मनांत आलें नाहीं, कारण ज्यांस लिहितां येतें ते 'कार्टून' लिहीत नाहींत, आणि ज्यांस चित्रें काढतां येतात त्यांस लिहिणारा मिळत नाहीं. आमच्या मुलांचे हात कुशल आहेत. मुंबई-पुण्याच्या कित्येक चित्रशाळांत परदेशी मालिकांचें काम याच हातांनीं मजुरीवर होतें. गोष्ट दुसऱ्याची, स्वप्न दुसऱ्याचें, आमची फक्त बोटें. मासिकांनीं, परीक्षणकर्त्यांनीं आणि आमच्या प्राध्यापकमहाशयांसारख्या अधिकारी वाचकांनीं या कलेकडे पाठ फिरविली, म्हणून ही मजुरी वाढली असा आमचा स्पष्ट आरोप आहे.

त्या रात्रीं आम्ही निघालों तेव्हां मुलीनें आम्हांस ओटीवर थांबवून आपली वही दाखविली. तिची आजी १९६१ सालीं शनिवार पेठेंत होती. तिनें सांगितलेली ती सकाळ नात चित्रांनीं मांडीत होती: जिन्याच्या चौथ्या पायरीवर चढलेलें पाणी, तांब्याचा हंडा डोक्यावर घेऊन गच्चीकडे जाणारी बाई, खिडकींत अडकलेला पाळणा. २२ चित्रें झालीं होतीं. पुढचें पान कोरें होतें. पाणी ओसरल्यावर त्या बाईनें आधीं काय करावें, हें तिला ठरवितां येत नव्हतें. घरांत कोणास विचारलेंस का, असें आम्हीं म्हटलें. आंतून प्राध्यापकमहाशयांचा आवाज येत होता. तिनें तिकडे एकदां पाहिलें आणि वही मिटली.