तारे कुणासाठी?

हॉटेलांना तारे देण्याची केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची नियमावली वाचायला मजा येते. पंचतारांकित व्हायचं तर खोली न्हाणीघर सोडून किमान 200 चौरस फूट हवी. तीन ताऱ्यांना 130 पुरतात. कपाटात दर बिछान्यामागे चार हँगर, माणशी पाण्याचा एक पेला. समिती येते, मोजमाप घेते आणि पाच वर्षांसाठी तारे देऊन जाते. गंमत अशी की हे तारे घ्यायची सक्ती कुणावरच नाही. ज्याला हवे त्याने अर्ज करावा, आणि त्यालाही किमान दहा खोल्या पाहिजेत.

मग मालक ही उठाठेव करतो कशाला? पाहुण्यासाठी म्हणाल, तर पाहुणा हल्ली मोबाइलवरचे तारे बघतो आणि ते आधीच्या पाहुण्यांनी दिलेले असतात. जीएसटीसुद्धा तारे विचारत नाही, खोलीचं भाडं विचारतो. खरं उत्तर केरळात मिळालं. 2014 मध्ये तिथल्या सरकारने बारचे परवाने पंचतारांकित हॉटेलांपुरतेच ठेवायचं ठरवलं आणि 2015 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते धोरण उचलून धरलं. पुढे सरकार बदललं आणि 2017 मध्ये तीन ताऱ्यांनाही बार उघडता आला. खोल्या त्याच, हँगर तेवढेच. ताऱ्याचा भाव तेवढा मद्यधोरणाने ठरवला. आपल्याकडे आमिष वेगळं आहे. महाराष्ट्राने 1 एप्रिल 2021 पासून या व्यवसायाला उद्योगाचा दर्जा दिला. निकषांत बसून नोंदणी केली की वीज, पाणी, मालमत्ता कर उद्योगाच्या दराने. एसी चालवणाऱ्याला याची किंमत विचारा.

कोकणात किनाऱ्यालगतच्या एका गावी आम्ही उतरलो होतो, त्या सहा खोल्यांच्या घरावर ‘बीच रिसॉर्ट’ अशी पाटी होती आणि नावाखाली पाच पिवळे तारे. ते गावातल्या पेंटरने दिलेले. केंद्राची न्याहारी-निवास योजना खरं तर अशाच घरांसाठी आहे: एक ते सहा खोल्या, मालक त्याच घरात राहणारा, आणि वर्ग दोनच, सोनेरी नाहीतर रुपेरी. मालकाने ते नावही ऐकलं नव्हतं. परवान्यांचा विषय काढला तशी त्याने लोखंडी कपाटातून फाइल काढली. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, बिनशेती आदेश, अन्न परवाना, शिवाय कुठली कुठली चलनं. राज्य मंत्रिमंडळाने 2020 मध्ये या धंद्याचे 70 परवाने 10 वर आणले, ही बातमी मी त्याला सांगितली. तो नुसता हसला. संडासाची टाकी कोण तपासून गेलं, असं विचारलं तर म्हणाला, “टाकी? ती भरली की आपोआप कळतं ना, काका!”

विहीर टाकीपासून वीसेक पावलांवर होती. चहा त्याच पाण्याचा. त्या जाड फाइलीत या वीस पावलांबद्दल एक ओळ नव्हती. पंचायत घरपट्टी बघते, भरतीरेषेपासूनचं अंतर बघणारं खातं दुसरं, स्वयंपाकघर बघणारं तिसरं.

गोव्याने 1982 मध्ये कायदा करून हॉटेलवाल्यांपासून घरात पैसे घेऊन पाहुणे ठेवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना पर्यटन खात्याकडे नोंदणी सक्तीची केली. मुख्यतः खोल्यांच्या संख्येवरून ए, बी, सी, डी असे वर्ग पाडले. वर्गवारी ढोबळच, पण मला ती ताऱ्यांपेक्षा जास्त कामाची वाटते, कारण निदान कुठे किती माणसं झोपतात हे सरकारदरबारी एका जागी कळतं.

माझ्या हातात फूटपट्टी दिली तर मी हँगर मोजणार नाही. आधी विहीर आणि टाकीमधलं अंतर मोजीन, मग आग विझवायचं नळकांडं शेवटचं कधी भरलं ते बघीन. आणि मे महिन्यात दुप्पट होणारं भाडं दारावर लिहायला लावीन. दरपत्रक दिसेल असं लावा, हे इंग्रजांनी 1867 च्या सराई कायद्यात सराईवाल्यालाही बजावलं होतं.