फुकटच्या गवताची किंमत

१/ १८८६-८७च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या मोंटाना, वायोमिंग आणि डकोटा या प्रदेशांच्या माळरानांवर लाखो गुरे थंडीने आणि उपासमारीने मेली. दोष हिमवादळाच्या माथी मारला गेला. वास्तविक गुरांचा घात हिशेबाच्या वहीने आधीच केला होता.

२/ यादवी युद्ध १८६५मध्ये संपले, तेव्हा टेक्सासमध्ये गुरे उदंड होती आणि उत्तरेकडील शहरांत मांसाला चढा भाव होता. कळप प्रथम रेल्वेपर्यंत आणि पुढे थेट उत्तरेच्या माळांवर हाकले जाऊ लागले. तेथील गवत सरकारी जमिनीवरचे होते. त्याला ना सारा, ना भाडे, ना कुंपण.

३/ हे गवत मोकळे कसे झाले? लकोटा, शायेन, क्रो अशा मूळनिवासी समाजांना राखीव क्षेत्रांत कोंडले गेले. बायसनचे उत्तरेकडील शेवटचे मोठे कळप १८८३च्या सुमारास संपले. गवताला 'फुकट' म्हणण्यासाठी आधी त्याचे धनी हटवावे लागले.

४/ १८८१मध्ये जेम्स ब्रिस्बिन या लष्करी अधिकाऱ्याचे 'द बीफ बोनान्झा' हे पुस्तक आले. गुरांच्या धंद्यात श्रीमंती हमखास, असा त्याचा सूर होता. एडिंबरा आणि लंडनचे भांडवल धावत आले. कित्येक कळप प्रत्यक्ष न मोजताच विकले गेले, कारण वासरे आधी वहीत जन्मत आणि मग माळावर.

५/ चराई स्वस्त का? चरणारे जनावर आपले गवत आपणच कापते आणि शेणही जागच्या जागी पसरते. गवत साठवायचे तर कापणी, वाळवणी, वाहतूक, गंजी आणि हिवाळाभर ते पुढ्यात टाकणारी माणसे हवीत. पाचशे किलोच्या गाईला दिवसाला दहा-बारा किलो वाळले गवत लागते. चार महिन्यांत सव्वा टनाहून अधिक. हजारोंच्या कळपाला हा खर्च नफा गिळणारा होता. म्हणून बहुतेक मोठ्या मालकांनी गंज्या रचल्याच नाहीत.

६/ हे गणित सौम्य हिवाळ्यांपुरते खरे होते. १८८६चा उन्हाळा कोरडा गेला आणि अतिचराईने माळ उघडे पडले. हिवाळ्यात बर्फ किंचित वितळून पुन्हा गोठला आणि गवतावर कठीण कवच बसले. घोडा खुराने बर्फ उकरतो, गाय तोंडाने ढकलते. ते कवच तिला फुटले नाही.

७/ थिओडोर रूझवेल्ट यांनी डकोटातील निम्म्याहून अधिक गुरे गमावली. स्कॉटिश भांडवलावर उभी राहिलेली अवाढव्य स्वान कंपनी १८८७मध्येच बुडाली. मोंटानाचे ग्रॅनव्हिल स्टुअर्ट यांनी पुढे लिहिले की, ज्याला चारा आणि निवारा देता येणार नाही असे एकही जनावर बाळगण्याची इच्छा त्यांना उरली नाही.

८/ त्यानंतर कळप लहान झाले, कुंपणे आली आणि नदीकाठी वैरणीची कुरणे राखली जाऊ लागली. मोंटानाच्या बिग होल खोऱ्यात गंजी रचणाऱ्या 'बीव्हरस्लाइड' या लाकडी यंत्राचे पेटंट १९१० मध्ये घेतले गेले. गवत कापणे हे आता पशुपालकाचे मुख्य काम झाले होते.

९/ म्हणजे गंजी जिंकली आणि चराई हरली, असे नव्हे. वर्षभर विकतची वैरण घालणारा पशुपालकही बुडतो. आजही गाय पोसण्याच्या खर्चात हिवाळी चाऱ्याचा वाटा मोठा असतो. शक्य तितके दिवस चराई हेच शहाणपण. पण गंजी हा विम्याचा हप्ता आहे. बऱ्या वर्षांत तो वाया गेल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच तो टाळण्याचा मोह होतो.

१०/ कळप किती असावा, हे चांगल्या वर्षाच्या गवतावरून ठरवणे ही १८८०च्या दशकाची खरी चूक. हप्ता वाचवला मालकांनी, नफा वाटून घेतला दूरच्या भागधारकांनी आणि किंमत मोजली बर्फात उभ्या राहिलेल्या मुक्या जनावरांनी. ज्या धंद्याच्या जमाखर्चात वाईट वर्षाला रकानाच नसतो, त्याचा नफा हे खरे तर न फेडलेले कर्ज असते.