विश्लेषण : उत्तेजक नशा शरीराला आतून कशी गंजवते?

नांदगाव तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला देवगडचा रस्ता मिळतो. तिथून पुढे किनाऱ्यावर गेले की खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज किती लवकर गंजतात, ते घरोघरी दिसते. गंजणे म्हणजे ऑक्सिडेशन. उत्तेजक अमली पदार्थांच्या दीर्घ सेवनाने आपल्या पेशींमध्येही अशीच प्रक्रिया बळावते.

राज्यात सध्या ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोनची चर्चा आहे. २०१५ मध्ये ते अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याखाली आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावर छापा घातला. पाठोपाठ मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातील इरळी गावातही कारवाई झाली. बातम्यांत किलो आणि कोटी मोजले जातात. सेवन करणाऱ्याच्या शरीराचा हिशेब मात्र मागे राहतो.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे काय?
प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करताना पेशींमध्ये फ्री रॅडिकल्ससारखे अतिक्रियाशील रेणू तयार होतात. ग्लुटाथायोन आणि काही विकरे त्यांना निष्प्रभ करतात. हे रेणू बचावाच्या क्षमतेपेक्षा जास्त झाले की पेशींचे आवरण, प्रथिने आणि डीएनए यांना इजा होते.

उत्तेजकांमुळे तो का वाढतो?
चेतापेशींत डोपामाइन सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असते. मेथॅम्फेटामाइनसारखी उत्तेजके ते पिशव्यांबाहेर काढतात. त्याचे विघटन होताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. शिवाय शरीर तापते, हृदयाचे ठोके वाढतात, झोप आणि भूक उडते. झीज वाढते आणि दुरुस्तीला वेळच मिळत नाही.

धोका कोणाला?
मेंदू आणि हृदयाला सर्वाधिक. यकृत आणि मूत्रपिंडेही सुटत नाहीत. स्मरणशक्ती मंदावते, हृदयाचा स्नायू दुबळा होतो. याचे बहुतेक पुरावे मेथॅम्फेटामाइन व कोकेनवरील संशोधनातले आहेत. मेफेड्रोनची रचना ॲम्फेटामाइनशी मिळतीजुळती आहे, पण त्यावरील अभ्यास कमी आहेत. अभ्यास कमी म्हणजे धोका कमी, असे नव्हे.

अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी भागेल का?
नाही. आवळा, कोकम जरूर खावे. पण नशा सुरू ठेवून तिची भरपाई करणारी गोळी नाही. खरा उपाय सेवन थांबवणे हाच. मेथॅम्फेटामाइन दीर्घकाळ सोडलेल्यांच्या मेंदू तपासणीत काही प्रमाणात सुधारणा दिसली आहे.

म्हणूनच ‘लोक काय म्हणतील’ म्हणून घरात लपवालपवी करण्यात गेलेला प्रत्येक महिना महाग पडतो. सेवन किंवा अल्प प्रमाण बाळगल्याच्या गुन्ह्यात स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला कलम ६४अ खटल्यापासून संरक्षण देते. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ वर फोन करता येतो. छापे हवेतच. पण जप्तीच्या आकड्यांइतकीच उपचारांची सोयही तालुक्यापर्यंत पोहोचली पाहिजे. गज बदलता येतात, हृदय आणि मेंदू नाही.