डोंगर साचण्याआधीच

मुंबईत गोराईला १९७२ पासून साचत गेलेला कचऱ्याचा डोंगर २००७ मध्ये बंद झाला. त्यावर माती आणि प्लास्टिकचे अस्तर घातले गेले, आत विहिरी खोदून वायू ओढून घेण्याची सोय झाली. ओला कचरा हवेविना कुजला की निघणाऱ्या वायूत जवळपास निम्मा मिथेन असतो. मोकळा सुटला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसहून अधिक पट तापवतो. शुद्ध करून इंजिनात जाळला तर वीज देतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला एवढा कचरा नाही, आणि तो साचेपर्यंत थांबण्याचे कारणही नाही. पर्लकोटा नदीच्या पुराने रस्ता तुटतो, वीज जाते, तेव्हा गावातले इंधनच कामी येते. आठवडी बाजार उठल्यावर पडलेला भाजीपाला, खानावळीतले खरकटे, गोठ्यातले शेण बंद टाकीत गेले, तर निघणाऱ्या वायूवर आश्रमशाळेची चूल पेटेल, उरलेली स्लरी धानाच्या बांधीत जाईल, जंगलातले सरपण वाचेल. टाकी मात्र पूररेषेच्या वर हवी आणि ओला-सुका कचरा घरातच वेगळा व्हायला हवा. नगरपंचायतीने नव्या कचराभूमीसाठी जागा शोधण्याआधी हे काम हाती घ्यावे.