ज्वारीची बिअर का नसावी?

गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नामक प्रथिनाने ज्यांच्या लहान आतड्यास इजा होते, त्या सीलिअ‍ॅक रुग्णांना बारामती-इंदापूरकडील ज्वारी-बाजरीची भाकरी निर्धोक असते, मात्र ज्या गिरणीत ती दळावयाची तेथे आधी गहू दळलेला नसावा. परंतु स्नेह्यांच्या बैठकीत बिअरचा पेला पुढे आला की त्यांस हात आखडता घ्यावा लागतो, कारण ती बहुधा जवाच्या माल्टपासून सिद्ध होते. हे वंचितपण मला अनावश्यक वाटते. नायजेरियाने १९८८ साली जवाची आयात बंद केली तेव्हा तेथील कारखाने ज्वारीकडे वळले, आणि अमेरिकेतही २००६ साली ज्वारीची ‘रेडब्रिज’ बाजारात आली. मोडवलेल्या ज्वारीत पिष्टाची शर्करा करणारी द्रव्ये जवाहून उणी पडतात, म्हणून ती बाहेरून पुरवावी लागतात, एवढीच काय ती मुख्य अडचण. रब्बीत शाळू पिकविणाऱ्या या दोन तालुक्यांत असा उद्योग कोणी काढू पाहील, तर अबकारी खात्याने त्याचा अर्ज दप्तरात अडकवून न ठेवता परवाना द्यावा. मात्र बाटलीवर किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन नसल्याचा, प्रयोगशाळेत तपासलेला दाखला सक्तीचा असावा.