सज्जतेच्या हिशेबात बाई कुठे आहे?

दहशतवादी हल्ल्याला तोंड द्यायला आपण तयार आहोत का, असं विचारलं की सरकारकडून ठरलेलं उत्तर येतं: कमांडो, कॅमेरे, गस्तीच्या बोटी. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर झालेल्या हल्ल्यात १६६ माणसं मारली गेली. हल्ला रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झाला आणि एनएसजीचे कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून पोचेपर्यंत सकाळ उजाडली. त्यानंतर एनएसजीचं केंद्र मुंबईत आलं, राज्याने ‘फोर्स वन’ हे स्वतःचं पथक उभारलं. ते गरजेचंच होतं. पण हा हल्लेखोराला थोपवण्याचा हिशेब झाला. हल्ल्यानंतरचा पहिला तास आणि पुढची कित्येक वर्षं कोण निभावून नेतं, हा हिशेब चर्चेत येतच नाही.

पहिला तास बघू. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, दोनशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा रुळांलगतच्या झोपड्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि त्यांच्या झोळ्या करून त्यांनी जखमींना बाहेर काढलं. २००८ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार करून हल्लेखोर शेजारच्या कामा या बायका-मुलांच्या रुग्णालयात शिरले. तिथल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी दारं बंद केली, दिवे मालवले आणि आपल्या वॉर्डातल्या २० गरोदर बायांना एका लहानशा खोलीत हलवलं. एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला प्रसूतिकक्षापर्यंत नेलं. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी ही हकीकत सांगितली. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण धाडसाचं कौतुक केलं म्हणजे धडा घेतला असं होत नाही. आज रात्रपाळीला असलेल्या परिचारिकेला, आयाबाईला, सफाई कामगार बाईला कुठलं दार लावायचं, कोणाला फोन करायचा, रुग्णांना कुठून बाहेर काढायचं, हे कोणी शिकवलं आहे का? प्रत्येक रुग्णालयात जाऊन हा प्रश्न विचारायला हवा.

आता कायदा बघू. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा. त्याने राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशी प्राधिकरणं निर्माण केली. मदतीचे किमान निकष कलम १२ मध्ये आहेत. निवारा, अन्न, पाणी यांच्या जोडीला तिथे विधवा आणि अनाथांसाठी खास तरतुदींचा उल्लेख आहे. म्हणजे या कलमाला बाई दिसते ती नवरा गेल्यावर, मदत घेणारी म्हणून. जिल्हा प्राधिकरणात जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, मुख्य वैद्यकीय अधिकारी असे अधिकारी आणि एक लोकप्रतिनिधी असतात. योजना आखणाऱ्या या मंडळात स्त्रियांसाठी एकही जागा राखलेली नाही.

आणि विधवा म्हणून तरी तिला सहज काही मिळतं का? दहशतवादी हिंसेत बळी पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी केंद्राची २००८ पासून योजना आहे. आधी तीन लाख, पुढे पाच लाख रुपये. पण रकमेआधी कागद लागतात: मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा, बँकेचं खातं. लग्नाची नोंदणी नाही, रेशनकार्डावर नाव सासूच्या घरचं, खातं नवऱ्याच्या नावावर, अशा बाया आपल्याकडे रोज येतात. भरपाईचे पैसे आले की सासर-माहेरची ओढाताण सुरू होते, हे अपघाती मृत्यूच्या प्रत्येक प्रकरणात मी पाहते. जो जखमी वाचतो त्याची वर्षानुवर्षांची शुश्रूषा आई, बायको, सून करते. ती कुठल्याच खर्चात धरली जात नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ माणसांची हत्या झाली. त्यानंतर ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव घेण्यात आला. सायरन वाजला की काय करायचं, दिवे कसे घालवायचे, माणसं कशी हलवायची याची तालीम झाली. वस्तीतल्या अपंग म्हाताऱ्या बाईला कोण उचलणार, बाळंतिणीला कुठे न्यायचं, याची तालीम कधी?

यावर कोणी म्हणेल, बॉम्ब काही बाई-पुरुष बघून फुटत नाही. खरं आहे. पण मदत मात्र बघून पोचते. बाई-पुरुष बघते, जात-धर्मही बघते. हल्ल्यानंतर मुस्लिम वस्त्यांत धरपकडीची भीती पसरते, तेव्हा तिथली बाई जखमी मुलाला दवाखान्यात न्यायलाही बिचकते. मदतीत लिंग, जात, धर्म यावरून भेदभाव करू नये, असं याच कायद्याचं कलम ६१ सांगतं. ते वापरायला हवं.

२०२५ च्या दुरुस्तीने मोठ्या शहरांसाठी वेगळी नागरी प्राधिकरणं नेमण्याची सोय झाली आहे. हीच वेळ आहे. संघटनांनी आपापल्या पालिकेकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे आपत्ती आराखडा मागावा, बैठकीत मोठ्याने वाचावा आणि ठोस मागण्या कराव्यात. आराखडा करणाऱ्या समितीत सर्व समाजांतल्या स्त्रिया हव्यात. परिचारिका, आशा, अंगणवाडी सेविका यांना प्रशिक्षण द्या, पण त्या कामाचा मोबदला आणि विमाही द्या. मानधनावर आणखी एक ओझं नको. भरपाईचे कागद जमवायला प्रत्येक बाईबरोबर एक कार्यकर्ती नेमा. संकटात पहिली धावून जाणारी आणि शेवटपर्यंत निस्तरत राहणारी जर बाई असेल, तर आराखडा तिला विचारल्याशिवाय पुरा होता कामा नये.