शिकाऱ्याची विद्या आणि भेकराचा जीव

कोल्हापूरच्या शाहूवाडी तालुक्यात मलकापूर ते आंबा या पट्ट्यात शिकारीचा विषय निघाला की हल्ली तरुण पोरं एक नवा मुद्दा काढतात. त्यांनी मोबाईलवर अमेरिकेतली शिकार पाहिलेली असते. तिथे नवखा माणूस शिकाऱ्यांचा वर्ग पुरा करतो, परवाना काढतो, सरकारी जंगलात जातो आणि हरिण मारून घरी आणतो. त्याला कुणी चोर म्हणत नाही. मग ज्या रानात आमच्या आजोबा-पणजोबांनी हाकारे घातले, त्या विशाळगडच्या रानात आम्ही रीतसर पैसे भरून एखादं भेकर का मारू नये, असा त्यांचा सवाल आहे. ‘कायदा आहे, गप्प बसा’ एवढ्याने या पोरांचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, तिच्याकडे मी येणार आहे. आधी जे खरं नाही ते पाहू.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या तोंडाशी पांढऱ्या शेपटीचं हरिण जेमतेम काही लाख उरलं होतं. बाजारात मांस विकण्यासाठी त्याची बेसुमार कत्तल झाली होती. मग विक्री बंद झाली, हंगाम ठरले, परवाने आले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला लावला. आज ती हरणं कोटींच्या घरात आहेत, आणि बहुतेक राज्यांत त्यांना खाणारा लांडगा माणसाने आधीच संपवलेला आहे. तिथे शिकारी वाढलेल्या कळपातून वाटा उचलतो.

आपल्याकडे चित्र नेमकं उलटं आहे. शाहूवाडी तालुक्याच्या उत्तरेला चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. हे रान वाघाला अपुरं नाही, पण त्याला खायला पुरेसं सावज नाही. म्हणून चितळं बाहेरून आणून इथे सोडायची वेळ वनखात्यावर आली. जिथे वाघाच्या ताटात वाढायला हरिण आणावं लागतं, तिथे नवशिक्याच्या हौसेसाठी हरिण कुठून काढायचं? विशाळगडचं रान प्रकल्पाच्या हद्दीबाहेर आहे हे खरं. पण चांदोलीतून दक्षिणेला राधानगरीकडे निघालेलं जनावर ज्या पट्ट्यातून जातं, तो हाच पट्टा आहे. त्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला तो त्याचमुळे.

या साऱ्या वादात कधीच न निघणारी एक गोष्ट मला सगळ्यांत वजनदार वाटते. अमेरिकेतलं ते हरिण थंड मुलखातलं. माज शरद ऋतूत, पाडसं उन्हाळ्याच्या सुरुवातीला, सगळं ठरल्या वेळी. त्यामुळे पाडसं हाताशी आल्यावर शिकारीचा हंगाम उघडता येतो. आपलं भेकर तसं नाही. त्याला ठरलेला विणीचा काळ नाही. मादी बारा महिन्यांत केव्हाही विते आणि विल्यावर लवकरच पुन्हा गाभण राहते. पिल्लू एकच असतं, आणि सुरुवातीला ते झुडपात दडवून ती एकटी चरायला निघते. रात्री बॅटरीच्या झोतात दिसणारे दोन डोळे नराचे की गाभण मादीचे, हे मुरलेल्या शिकाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही, मग नवशिक्याची काय कथा! भेकरासाठी निर्धोक असा एक महिनाही पंचांगात सापडत नाही. परवाना द्यायचाच म्हटलं तर तो कोणत्या महिन्याचा द्यायचा?

परवान्याचा प्रयोग आपण केलेला नाही, असं पोरांना वाटतं. तो पुरा करून झाला आहे. मुंबई राज्याचा वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायदा १९५१ चा. त्यात शिकारीचे परवाने होते. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्यातही मोठ्या आणि लहान शिकारीचे वेगवेगळे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. एक जनावर लिहिलेल्या कागदावर रानात किती पडतात, हे मोजणारा माणूस रात्री घाटात उभा नसतो. आजही नाही. एका वनरक्षकाच्या वाट्याला केवढे डोंगर येतात, हे आंबा घाटाच्या माथ्यावर उभं राहून चहूकडे पाहिलं तरी कळेल.

‘सरकारी जमीन म्हणजे सगळ्यांची जमीन’ हेही ऐकू येतं. जमीन सगळ्यांची आहेच. पण कायदा जमिनीकडे पाहत नाही, जनावराकडे पाहतो. राखीव वन, गायरान, देवराई, मालकीचं रान, कुठेही भेकर मारलं तर गुन्हा तोच. फासकी लावणं, हाकारा घालणं, मारायचा प्रयत्न करून हात हलवत परत येणं, हे सगळं १९७२ च्या कायद्याने शिकारच ठरवलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मध, हिरडा, चराई असे कितीतरी हक्क गावांना दिले, पण परंपरागत हक्कांतून शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला.

परंपरेचं बोलायचं तर कोल्हापूरइतकी मोठी शिकारीची परंपरा महाराष्ट्रात दुसरीकडे शोधावी लागेल. इथे संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळवीट धरवत. आज इथे चित्ता नाही. दाजीपूरचं रान दरबाराच्या शिकारीसाठी राखलेलं होतं, ते १९५८ साली अभयारण्य झालं. राजाची परंपरा थांबू शकते, तर आपली न थांबायला काय कारण? शिवाय आज जे चालतं ते आजोबांचं नाहीच. मोटारसायकलच्या क्लच वायरची फासकी पायवाटेवर, जनावराच्या उंचीचा अंदाज घेऊन, कारवीच्या बुंध्याला बांधतात. ती भेकरासाठी लावलेली असली तरी तिच्यात बिबट्याही अडकतो आणि धनगराचं कुत्रंही. ओढ बसेल तितकी ती आवळत जाते. बांधणारा त्या वेळी घरी जेवत असतो. यात धाडसही नाही आणि विद्याही नाही.

पिकाच्या नासाडीचं दुःख मात्र खरं आहे आणि ते कुणी हलकं घेऊ नये. मानोली-गेळवड्याकडचा शेतकरी भाताच्या आणि उसाच्या राखणीला रात्र काढतो, तेव्हा वन्यजीवप्रेमी शहरात झोपलेला असतो. पण त्याचं शेत तुडवतो तो मुख्यतः गवा आणि उकरतं ते रानडुक्कर. भेकर मारून त्या शेतकऱ्याची एक पेंढीही वाचत नाही. त्याला वेळेवर पंचनामा, पुरी भरपाई आणि कुंपणाला मदत हवी. त्यासाठी जो भांडेल त्याच्या बाजूला मी उभा आहे. त्याच्या आडून स्वतःची हौस पुढे करणाऱ्याच्या नाही.

आता खरी गोष्ट. शिकार शिकताना माणूस रान शिकतो, हे पोरांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. गाडी रस्त्याला उभी करून फोटो काढणाऱ्याला जे जन्मात कळत नाही, ते माग काढणाऱ्याला एका पावसाळ्यात कळतं. आंब्याजवळच्या एका वाड्यावरच्या म्हाताऱ्या धनगराबरोबर मी हिंडलो आहे. उघडीप पडल्यावर चिखलात भेकराचे खूर उठले होते. पुढच्या खुरांची टोकं फाकलेली, मागे माती उडालेली. तो खाली बसला, बोटाने खुराची कड दाबून पाहिली. कड अजून ओली होती, कोसळली नव्हती. ‘आत्ता पळालंय, आपल्याला बघून न्हाई, वारं आपल्या तोंडावर हाय,’ तो म्हणाला. मग त्याने आवळ्याखाली पडलेल्या लेंड्या फोडून दाखवल्या, सांबराने शिंगं घासून सोललेली साल दाखवली, आणि ती खूण किती उंचीवर आहे यावरून नर केवढा असेल ते सांगितलं. हे सारं शिकाऱ्याचं ज्ञान आहे. ते जपायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण ते असलेली माणसं आता थकली आहेत आणि त्यांच्या मागे शिकणारं कुणी नाही.

म्हणून माझी मागणी नुसत्या बंदीची नाही, शाळेची आहे. ज्यांनी तरुणपणी हाकारे घातले त्या म्हाताऱ्यांना मागकरी गुरू म्हणून वनखात्याने मानधन द्यावं. शाहूवाडीच्या पोरांना त्यांच्या हाताखाली घालावं. वाघाची गणना करताना वनरक्षक खुणा, विष्ठा आणि पावलांचे ठसेच तर धुंडाळतो. त्याच्याबरोबर ही पोरं चालू द्यावीत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून जनावरं मोजतात, त्या मचाणावर मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांच्या आधी मलकापूरच्या पोराचा हक्क असावा. आणि फासक्या शोधून तोडायला या पोरांइतका तरबेज कोण सापडणार? फासकी कुठे लावतात हे ज्याला ठाऊक, त्यालाच ती दिसते.

‘नुसतं बघण्यात कसली आलीय मर्दुमकी?’ असं विचारणाऱ्याने एकदा करून पाहावं. रायफल लांबूनच काम करते. खरी कसोटी वेगळी आहे. वाऱ्याची दिशा सांभाळून, पानाचा आवाज न करता, चरणाऱ्या भेकराच्या वीस पावलांवर पोचायचं आणि ते चरत असतानाच, त्याला एकदाही भुंकू न देता, तिथून मागे यायचं. व्यंकटेश माडगूळकरांना शिकारीचा नाद होता, आणि पुढे नागझिऱ्याच्या रानात ते राहिले ते पाहण्यासाठी, लिहिण्यासाठी. तो काही त्यांच्यातला शिकारी मेल्याचा पुरावा नव्हता.